इंग्रजीतले फिगर्स ऑफ स्पीच आणि साहित्यसंज्ञा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीच्या इंग्रजीत रसग्रहण लिहिणारे, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांत इंग्रजी विषय घेऊन बी.ए., एम.ए. करणारे आणि सेट-नेटच्या तयारीला लागलेले विद्यार्थी आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, अडवणारे नंतर. उदाहरणासाठी शक्य तिथे एकच ओळ वापरली आहे, म्हणजे दर वेळी नवी कविता समजून घ्यायला नको. थॉमस ग्रेच्या १७५१ साली छापलेल्या 'एलजी' या शोककवितेतली ही ओळ: 'द प्लाउमन होमवर्ड प्लॉड्स हिज विअरी वे'. औत सोडलेला नांगऱ्या पाय ओढत घराची वाट चालतोय, एवढाच तिचा अर्थ.

१. सर, मराठी व्याकरणातले अलंकार पाठ आहेत. तेच इंग्रजीत लावले तर चालेल का?

निम्मे चालतील. उपमा म्हणजे सिमिली, रूपक म्हणजे मेटाफर, चेतनगुणोक्ती म्हणजे पर्सॉनिफिकेशन, अतिशयोक्ती म्हणजे हायपर्बली, श्लेष म्हणजे पन. एवढ्या जोड्या बिनधास्त लावा.

पुढे घोळ सुरू होतो. उत्प्रेक्षेला इंग्रजीत वेगळं घर नाही. 'जणू'च्या जागी 'अ‍ॅज इफ' आलं तरी तिथे सिमिलीच लिहितात. व्यतिरेकाचंही तेच. ज्ञानेश्वरांचं 'अमृतातेंही पैजां जिंके' मराठीच्या पेपरात व्यतिरेक आहे. इंग्रजीच्या चौकटीत मात्र त्याला हायपर्बलीच्या आसपास कुठेतरी बसवावं लागतं. विरोधाभास एकच, पण इंग्रजीत त्याचे दोन तुकडे होतात (प्रश्न ९). उलट मेटोनिमी आणि सिनेकडकी शाळेतल्या अलंकारांच्या यादीत सापडतच नाहीत. त्या शब्दशक्तीच्या धड्यात 'लक्षणा' या नावाखाली दडलेल्या असतात (प्रश्न ५).

२. 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' दिसलं की सिमिली लिहून टाकायचं का?

नाही. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. सिमिलीत दोन वेगळ्या जातीच्या गोष्टींची तुलना लागते. 'परभणी लातूरसारखीच तापते' यात गावाची तुलना गावाशी आहे, म्हणून ती साधी तुलना झाली, सिमिली नाही. 'परभणी तव्यासारखी तापते' ही सिमिली. 'ही वर्क्स अ‍ॅज अ टीचर' यात 'अ‍ॅज' आहे पण तुलनाच नाही. 'आय लाइक मँगोज' मधलं 'लाइक' तर क्रियापद आहे. घाईत तेही अधोरेखित झालेलं दिसतं!

उत्तरात चार गोष्टी सांगा: कोणाची तुलना, कशाशी, कोणत्या शब्दाने, कोणत्या समान गुणामुळे. शेवटची गोष्ट बहुतेकांची राहून जाते.

३. मेटाफर आणि पर्सॉनिफिकेशन, दोन्ही बरोबर वाटतात. कोणतं लिहू?

जे नेमकं आहे ते. पर्सॉनिफिकेशन हा मेटाफरचाच एक प्रकार आहे. निर्जीव वस्तूला किंवा कल्पनेला माणसाची कृती, भावना किंवा अवयव दिला असेल, तर पर्सॉनिफिकेशन लिहा. नदीला 'चांदीची पट्टी' म्हटलं तर मेटाफर, नदी 'रुसली' तर पर्सॉनिफिकेशन.

अपवाद ध्यानात ठेवा: नदी 'डरकाळी फोडते' असं असेल तर तिला प्राण्याचा गुण दिलाय, माणसाचा नाही. तिथे मेटाफर लिहिणं सुरक्षित.

४. अपॉस्ट्रॉफी म्हणजे अक्षराच्या वर देतात ते चिन्ह ना? मग 'डेथ, बी नॉट प्राउड' मध्ये ते कुठे आहे?

नाव एक, गोष्टी दोन. विरामचिन्ह वेगळं. अलंकार म्हणून अपॉस्ट्रॉफी म्हणजे समोर नसलेल्या, मेलेल्या किंवा निर्जीव अशा कोणाला तरी उद्देशून बोलणं. जॉन डनच्या या ओळीत मृत्यूशी थेट बोलणं आहे म्हणून अपॉस्ट्रॉफी, आणि मृत्यूला गर्व चढतो असं धरलंय म्हणून पर्सॉनिफिकेशन. दोन्ही लिहिलंत तर बरोबर.

पण ही जोडी कायमची नव्हे. शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर' नाटकात अँटनी सीझरच्या प्रेताशी बोलतो. तिथे अपॉस्ट्रॉफी आहे, पर्सॉनिफिकेशन नाही, कारण सीझर माणूसच होता. गंगाखेडच्या जनाबाईच्या अभंगांत विठ्ठलाला घातलेली साद याच घरात बसते. जनाबाईला तो समोरच दिसत असेल, ती गोष्ट निराळी. संज्ञेच्या हिशेबाने अपॉस्ट्रॉफीच.

५. मेटोनिमी आणि सिनेकडकी यांतला फरक काही केल्या डोक्यात बसत नाही. सोपी खूण आहे का?

आहे, आणि ती रोजच्या बोलण्यात आहे. 'वीस उंबऱ्यांची वाडी' म्हणतो तेव्हा उंबरा हा घराचा भाग असतो आणि तो अख्ख्या घराच्या जागी उभा असतो. 'दरडोई उत्पन्न' म्हणताना डोई माणसाच्या जागी आली. 'घरात खाणारी तोंडं सात.' भाग बोलून सगळं सांगितलं, की ती सिनेकडकी. कधीकधी उलटही चालतं: 'भारत जिंकला' म्हणजे अकरा खेळाडू जिंकले. अख्खं बोलून भाग सांगितला, तीही सिनेकडकीच.

'मंत्रालयाने जीआर काढला' हे वाक्य घ्या. इमारत काही सही करत नाही, सही करणारा माणूस तिथे बसतो. इमारत त्या माणसाचा भाग नाही, नुसता संबंध आहे. ही मेटोनिमी. पैठणमध्ये विणली जाते म्हणून साडीचं नाव पैठणी, हीसुद्धा गावाच्या नावावरून वस्तू ओळखण्याची मेटोनिमीच.

तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारा: बोललेली वस्तू सांगायच्या वस्तूचा तुकडा आहे का? तुकडा असेल तर सिनेकडकी, नुसती सोयरीक असेल तर मेटोनिमी.

आता दोन खड्डे. पहिला, 'लेंड मी युअर इअर्स'. कान शरीराचा भाग आहे म्हणून मुलं सिनेकडकी लिहितात. पण अँटनीला श्रोत्यांचं शरीर नकोय, लक्ष हवंय. कानाचा लक्षाशी संबंध आहे, तो लक्षाचा तुकडा नाही, म्हणून मेटोनिमी. दुसरा, 'आम्ही ज्वारी खातो'. खातो ती भाकरी. बोललं तिचं धान्य. पदार्थाच्या जागी मूळ जिन्नस आला, की जुनी इंग्रजी व्याकरणं त्याला सिनेकडकीत धरतात आणि नवी बरीच पुस्तकं मेटोनिमीत. अशा वेळी तुमच्या नेमलेल्या पुस्तकाचं ऐका आणि कारण लिहा. कारण लिहिलेलं असलं की परीक्षकाला गुण कापायला जागा उरत नाही.

६. अलिटरेशन शोधताना अक्षर बघायचं की आवाज?

आवाज. म्हणूनच आम्ही सांगतो, की ओळ देवनागरीत उतरवून बघा. इंग्रजी स्पेलिंग फसवतं, देवनागरी सहसा फसवत नाही. 'फोन' आणि 'फ्लॉवर' यांचं पहिलं इंग्रजी अक्षर वेगळं, तरी अलिटरेशन आहे. 'सिटी' आणि 'कॅट' एकाच अक्षराने सुरू होतात, तरी नाही. 'नाइफ' आणि 'नाइट' मध्ये मूक अक्षर आपोआप गळून पडतं. ग्रेच्या ओळीत 'प्लाउमन–प्लॉड्स' आणि 'विअरी–वे' अशा दोन जोड्या लगेच दिसतात.

या युक्तीची एक भोकाची बाजू आहे. मराठी माणूस 'व्हेरी' आणि 'विअरी' या दोन्हींत जवळपास सारखाच व म्हणतो. इंग्रजीत ते दोन वेगळे ध्वनी: एकात खालचा ओठ वरच्या दातांना लागतो, दुसऱ्यात दोन्ही ओठांचा चंबू होतो. या दोघांचं अलिटरेशन धरू नका.

आणखी एक. आपला अनुप्रास ओळीत कुठेही आलेल्या अक्षराने होतो. अलिटरेशनला शब्दाची सुरुवात लागते, किंवा निदान आघात असलेल्या अवयवाची (सिलॅबलची). मधलं-शेवटचं व्यंजन पुन्हा येत असेल तर कॉन्सोनन्स, स्वर पुन्हा येत असेल तर असोनन्स.

७. 'ट्विंकल' हे ओनोमॅटोपिया आहे का?

नाही. मराठीत खळखळ, किणकिण, धडधड यांच्याच साच्यात लखलख, चमचम, लुकलुक असे शब्द आहेत. त्यामुळे कानाला ते एकाच घरातले वाटतात. पण लखलखण्याला आवाज नसतो. शब्दाचा उच्चार त्याच्याच आवाजाची नक्कल करत असेल तरच ओनोमॅटोपिया: बझ, हिस, स्प्लॅश.

८. 'विअरी वे' मध्ये वाट कशी थकेल? मग हे पर्सॉनिफिकेशन नाही का?

वाट थकलेली नाहीच, थकलाय तो नांगऱ्या. त्याचं विशेषण उचलून शेजारच्या नामाला लावलंय, म्हणून ट्रान्सफर्ड एपिथेट. ओळखायची रीत अशी: विशेषण काढा आणि त्याच वाक्यातल्या माणसाला लावून बघा. 'थकलेला नांगऱ्या वाट चालतो', अर्थ चोख बसला. 'स्लीपलेस नाइट'चंही तसंच, झोप माणसाला नसते. माणसाकडे परत नेता आलं तर ट्रान्सफर्ड एपिथेट. वाक्यात तसा माणूसच नसेल आणि वाट स्वतःच उसासे टाकत असेल, तर पर्सॉनिफिकेशन.

९. ऑक्सिमोरॉन, पॅराडॉक्स, अँटिथेसिस: तिन्हींत विरोध. मग?

विरोध किती जागा घेतो ते बघा. दोन विरोधी शब्द एकमेकांना खेटून आले तर ऑक्सिमोरॉन: ज्युलिएटचं 'स्वीट सॉरो', आपलं 'उघड गुपित'. अख्खं विधान आधी अशक्य वाटतं आणि विचार केल्यावर पटतं, तर पॅराडॉक्स: 'द चाइल्ड इज फादर ऑफ द मॅन'. मराठीत 'दिव्याखाली अंधार'.

अँटिथेसिसमध्ये अशक्य काहीच नसतं. दोन विरुद्ध कल्पना सारख्या घडणीच्या वाक्यांशांत समोरासमोर बसवलेल्या असतात: पोपचं १७११ सालचं 'टू अर इज ह्यूमन, टू फर्गिव्ह डिव्हाइन'. घडण सारखी नसेल तर अँटिथेसिस लिहायची घाई नको.

१०. काहीही वाईट घडलं की 'आयरनी' म्हणायचं का?

नाही. टँकर आला नाही, ही आयरनी नाही, अडचण आहे. पाणीटंचाईची आढावा बैठक मुसळधार पावसामुळे रद्द झाली, ही सिच्युएशनल आयरनी. अपेक्षा आणि घडलेलं यांच्यात नुसतं अंतर पुरत नाही, उलटापालट लागते. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण लक्षात ठेवली तरी काम भागतं.

व्हर्बल आयरनीत बोलणारा जाणूनबुजून उलट बोलतो: खड्ड्यात गाडी आदळल्यावर 'काय झकास रस्ता केलाय!' हेच बोलणं समोरच्याला टोचावं म्हणून असेल तर सारकॅझम. टोचणी नसलेली व्हर्बल आयरनीही असते, म्हणून दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका.

ड्रॅमॅटिक आयरनीत प्रेक्षकाला ठाऊक असतं, पात्राला नसतं. 'मॅकबेथ'च्या पहिल्या अंकात राजा डंकन वाड्यात शिरताना तिथल्या प्रसन्न हवेचं कौतुक करतो. त्याला मारायचं त्याच वाड्यात ठरतंय, हे आपण आधीच ऐकलेलं असतं. उत्तरात 'कोणाला माहीत, कोणाला नाही' हे लिहिलं नाही तर ते अर्धंच राहतं.

११. इन्व्हर्जन मला कधी दिसतच नाही. असं का?

कारण तुम्ही मराठीत विचार करता, आणि मराठीत पदांची जागा सैल असते. 'दहा हजार (फुलं) पाहिली मी' आपल्याला जराही खटकत नाही. इंग्रजीत कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम घट्ट आहे, त्यामुळे वर्ड्‌स्वर्थचं 'टेन थाउझंड सॉ आय अ‍ॅट अ ग्लान्स' कानाला लागतं. कर्म आधी, मग क्रियापद, मग कर्ता.

पायऱ्या तीन. क्रियापद शोधा. त्याचा कर्ता शोधा. साध्या गद्यात ओळ पुन्हा लिहा: 'आय सॉ टेन थाउझंड'. क्रम बदलावा लागला तर इन्व्हर्जन. उत्तरात ही गद्य ओळ लिहाच, तोच पुरावा. प्रश्नार्थक वाक्यातला क्रम मात्र व्याकरणाचा भाग आहे, तो अलंकार नाही. याच ओळीत हायपर्बलीही आहे. एका नजरेत दहा हजार मोजून होत नाहीत.

१२. रिपिटिशन, टॉटॉलॉजी, अ‍ॅनाफोरा, रिफ्रेन?

तोच शब्द पुन्हा आला तर रिपिटिशन. तोच अर्थ वेगळ्या शब्दांत पुन्हा आला तर टॉटॉलॉजी. सलग ओळींच्या किंवा वाक्यांच्या सुरुवातीला तेच शब्द आले तर अ‍ॅनाफोरा. कडव्यामागून कडव्यात ओळच परतली तर रिफ्रेन, म्हणजे आपलं ध्रुपद.

१३. 'क्लायमॅक्स' कथेत असतो. तो अलंकार कसा?

हेही दुहेरी नाव. अलंकार म्हणून क्लायमॅक्स म्हणजे चढत्या पायऱ्या: 'आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड'. शेवटच्या पायरीवर मुद्दाम घसरलं तर अँटिक्लायमॅक्स. कथानकातला क्लायमॅक्स वेगळा. नाटकाच्या रचनेचा जो पिरॅमिड शिकवतात तो जर्मन लेखक गुस्टाव फ्रायटागचा, १८६३ सालचा.

१४. र्‍हाइम स्कीम लिहिताना दुसऱ्या कडव्यात पुन्हा 'ए'पासून सुरू करायचं का?

नाही. अक्षरं पुढे चालू ठेवा. पहिलं कडवं ए बी ए बी असेल आणि दुसऱ्यात नवे ध्वनी असतील तर सी डी सी डी. जुना ध्वनी परतला तरच जुनं अक्षर. शेक्सपिअरच्या पद्धतीच्या सॉनेटच्या १४ ओळी अशा जातात: ए बी ए बी, सी डी सी डी, ई एफ ई एफ, जी जी. पेट्रार्कच्या पद्धतीत आधी ८ ओळी ए बी बी ए, ए बी बी ए, मग ६ ओळींची रचना बदलती.

'लव्ह' आणि 'प्रूव्ह' डोळ्याला जुळतात, कानाला नाही. हे आय र्‍हाइम. स्कीममध्ये त्यांना एकच अक्षर देतात आणि बाजूला तशी नोंद करतात.

१५. आयँबिक पेंटामीटर मोजताना लघु-गुरू लावले तर का चुकतं?

कारण आपली वृत्तं अक्षर किती लांबतं ते मोजतात आणि इंग्रजी वृत्त जोर कुठे पडतो ते मोजतं. 'बिगिन' मध्ये दोन्ही स्वर र्‍हस्व, तरी जोर दुसऱ्यावर. 'फोटोग्राफ' मध्ये जोर पहिल्या अवयवावर, 'फोटोग्राफर' मध्ये तो सरकून दुसऱ्यावर जातो. दीर्घ दिसलं की गुरू, या सवयीने इथे हमखास घात होतो.

ओळ मोठ्याने म्हणा, टेबलावर टिचकी मारा आणि अवयव सुटे करा: द प्लाउ / मन होम / वर्ड प्लॉड्स / हिज विअ / री वे. अवयव १०, जोर ५. हलका-जड अशी एक जोडी म्हणजे आयँब, अशा पाच म्हणून पेंटा. शब्द मध्येच तुटला तरी घाबरू नका, फूट (म्हणजे अशी एक जोडी) शब्दाची हद्द पाळत नाही. एखाद्या ओळीची पहिली जोडी जड-हलकी निघाली, तर तिथे ट्रोकीची अदलाबदल आहे. अख्ख्या कवितेचं वृत्त त्याने बदलत नाही. निदान चार ओळी मोजल्याशिवाय नाव देऊ नका.

१६. ब्लँक व्हर्स आणि फ्री व्हर्स दोन्हींत यमक नाही. मग फरक काय?

ब्लँक व्हर्समध्ये यमक नसतं पण आयँबिक पेंटामीटर असतो. मिल्टनचं १६६७ सालचं 'पॅराडाइज लॉस्ट' असं आहे. फ्री व्हर्समध्ये ठरलेलं वृत्तही नसतं. मराठीत 'निर्यमक' हा शब्द पहिल्याला जवळचा, 'मुक्तछंद' दुसऱ्याला. यमक नाही म्हणून लगेच फ्री व्हर्स लिहू नका, आधी प्रश्न १५ प्रमाणे टिचक्या मारा.

१७. सिंबल, मेटाफर आणि अ‍ॅलेगरी यांची गल्लत होते.

अ‍ॅलेगरीपासून सुरू करा, कारण ती तुम्हाला माहीत आहे. फक्त नाव भारूड आहे. पैठणच्या एकनाथांचा विंचू घ्या. विंचू म्हणजे काम-क्रोध, उतारा म्हणून लावायचा अंगारा म्हणजे सत्त्वगुण. एकेक गोष्ट दुसऱ्या पातळीवरच्या एकेका गोष्टीशी बांधलेली, आणि ती बांधणी शेवटपर्यंत चालते. नाथांनी अर्थ ओळीतच उघडा ठेवला आहे. १६७८ सालच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'मध्ये बनयनने तो पात्रांच्या नावांत ठेवला.

मेटाफर एका ठिकाणी येऊन जातं. सिंबल म्हणजे कथेत खरोखर असलेली वस्तू, जी स्वतःपलीकडचं काही सुचवते, आणि ते एका शब्दात बांधता येत नाही. 'अमुक म्हणजे तमुक' असा तक्ता पूर्ण भरता आला तर अ‍ॅलेगरी, भरता भरता अर्थ निसटत राहिला तर सिंबल.

१८. एका ओळीत तीन अलंकार सापडले. सगळे लिहू का?

प्रश्नात एकच मागितला असेल तर ज्याचं कारण तुम्हाला सर्वांत नीट सांगता येतं तो एकच लिहा. ग्रेच्या ओळीवर नमुना असा: नाव, ट्रान्सफर्ड एपिथेट; शब्द, 'विअरी वे'; कारण, थकवा नांगऱ्याचा असून विशेषण वाटेला लावलं आहे; परिणाम, दिवसभराचा शीण वाटभर पसरल्यासारखा वाटतो. रसग्रहणात मात्र तिथलंच अलिटरेशनही जोडा, कारण जड पावलांचा ठेका त्या 'प्ल'मधूनच येतो. नुसती नावांची माळ लिहिलेली उत्तरं आम्ही खूप पाहतो. त्यांत कविता कुठेच नसते.

१९. टोन आणि मूड एकच ना?

टोन बोलणाऱ्याचा, मूड वाचणाऱ्याच्या मनात तयार होणारा. विनोदी टोनमधून अस्वस्थ मूड उभा राहू शकतो. आणि कवितेतला 'मी' म्हणजे कवी, असं गृहीत धरू नका, 'स्पीकर' लिहा.

२०. तोंडी परीक्षेत उच्चारावरून हसतात. बरोबर काय?

सिमाइल नव्हे, सिमिली. हायपरबोल नव्हे, हायपर्बली. सिनेकडोच नव्हे, सिनेकडकी, जोर 'ने'वर. मेटोनिमीत जोर 'टो'वर.

२१. सेट-नेटला 'संज्ञा कोणाची' हे विचारतात. कुठे चुकतं?

सारख्या नावांत. 'पॅथेटिक फॅलसी' रस्किनची, १८५६. निसर्गाला माणसाच्या भावना चिकटवण्याबद्दल. 'अफेक्टिव्ह फॅलसी' विमसॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांची, १९४९. वाचकावर झालेल्या परिणामावरून कवितेचं मोल ठरवण्याबद्दल. त्याच दोघांची 'इंटेन्शनल फॅलसी' त्याआधीची, १९४६. कवीच्या हेतूवरून कवितेचं मोल ठरवण्याबद्दल. १८१७ हे साल दोनदा कामी येतं: कोलरिजचं 'विलिंग सस्पेन्शन ऑफ डिसबिलीफ' (कल्पित गोष्टीवरचा अविश्वास आपणहून बाजूला ठेवणं) आणि कीट्सच्या पत्रातली 'निगेटिव्ह केपेबिलिटी' (उत्तराची घाई न करता अनिश्चिततेत राहण्याची ताकद). एलियटची 'ऑब्जेक्टिव्ह कोरिलेटिव्ह' (नेमकी भावना जागवणारी वस्तू किंवा प्रसंग) १९१९ च्या हॅम्लेटवरच्या लेखात, 'डिसोसिएशन ऑफ सेन्सिबिलिटी' (विचार आणि भावना यांची फारकत) १९२१ च्या लेखात. 'टेनर' आणि 'व्हेइकल' आय. ए. रिचर्ड्‌सचे, १९३६, आपले उपमेय आणि उपमान त्यांच्या जवळ जातात. 'स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेस' (मनात अखंड वाहणारा विचारांचा ओघ) मानसशास्त्रात विल्यम जेम्सने १८९० मध्ये रुळवली, कादंबरीच्या चर्चेत मे सिंक्लेअरने १९१८ मध्ये आणली.

२२. हॅमार्शिया म्हणजे नायकाचा दुर्गुण, असं गाइडमध्ये आहे. बरोबर?

अपुरं आहे. ॲरिस्टॉटलने वापरलेल्या या ग्रीक शब्दाच्या मुळाशी नेम चुकणं आहे. चूक स्वभावाची असू शकते, तशीच नुसत्या अजाणतेपणाचीही. ग्रीक शोकांतिकेतला इडिपस बापाला मारतो तेव्हा तो बाप आहे हे त्याला ठाऊक नसतं. याला 'दुर्गुण' म्हटलं तर नाटकाचा कणाच मोडतो. पर्यायांत 'एरर ऑफ जजमेंट' आणि 'ट्रॅजिक फ्लॉ' दोन्ही दिले असतील आणि प्रश्न ॲरिस्टॉटलबद्दल असेल, तर पहिला निवडा.